आईच्या कबरीतली जागा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. एकेक ओळ उठते, पुढे जाऊन गुडघे टेकते, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन परत येते. मी बसून राहते. माझ्या बाकावरच्या बायका माझ्या गुडघ्यांना वळसा घालून जातात, साडी सावरत, माझ्याकडे न बघता. लहानपणापासून आम्हाला शिकवलंय की मनात कुणाबद्दल कडूपणा असेल तर आधी जाऊन मेळ करायचा आणि मगच मेजापाशी यायचं. माझ्या मनात आहे, म्हणून मी उठत नाही. निदान तो एक नियम तरी मी नीट पाळते.

जिच्याबद्दल कडूपणा आहे ती माझ्या दोन बाक पुढे बसते, आणि उठते सगळ्यांच्या आधी.

राहतेही माझ्या समोरच. ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं दार आणि माझं दार तोंडाला तोंड लावून आहेत. मी दार उघडलं की पहिली दिसते ती तिच्या दारावरची पितळी पाटी आणि खाली तिच्या चपला. ती राहायला आली तेव्हा पप्पांना कोण आनंद झाला होता. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकटंच होतं. बाकी कोकणातले, घाटावरचे, काही बौद्ध घरं. सगळ्यांशी आमचं छान जमायचं. गौरी-गणपतीत आमच्याकडे फराळाची ताटं यायची, नाताळात आमच्या करंज्या मजल्या-मजल्यावर जायच्या. पण एका संध्याकाळी समोरच्या बंद दाराआडून आपल्या चालीतलं भजन ऐकू आलं आणि पप्पा बनियनवरच बाहेर जाऊन उभे राहिले. तिनं दार उघडलं तर म्हणाले, "सलाम. दुसरं कडवं चुकतंय."

ती, तिचा नवरा आणि तिची आई. जालन्याकडचे. मूलबाळ नाही. दोघंही नोकरीला, ती ठाण्याला, तो भिवंडीच्या गोदामात. आईच्या अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू पडलेली, वाचा जवळजवळ नाहीच. दिवसभर म्हातारी एकटी, उशाशी पाण्याची बाटली ठेवलेली. मी कळव्याच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. सकाळची शाळा, दुपारी मी घरी. लग्न मी केलं नाही, घरी मी आणि पप्पा दोघंच. मी पप्पांना म्हटलं, त्या आजींकडे बघवत नाही. पप्पा म्हणाले, "मग बघू नकोस, जा. प्रीती करायला लांब जायला लागत नाही. समोरचं दार आहे ना, तिथून सुरू कर."

पप्पांचं असंच असायचं. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात त्यांची उमर गेली. तिथून त्यांनी एक कायमचा खोकला आणला आणि एक समजूत आणली, की शेजारच्या माणसाला धरून राहिलं की माणूस तरतो. आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. आई तिथेच गेली, कल्याणच्या आमच्या कबरस्तानात तिला ठेवलं. त्यानंतर कारखाना गेला, क्वार्टर गेली, आणि आम्ही ठाकुर्लीला आलो.

तर मी समोरच्या दारातून सुरू केलं. चावी माझ्याकडेच असायची. दुपारी जाऊन आजींना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, कूस वळवायची आणि मऊ भात भरवायचा. मला कुणी संत समजू नये. मला राग येतो, पटकन येतो, आणि आजी तोंड घट्ट मिटून बसल्या की मी चांगली चिडायचे. "तोंड उघडा, आजी." त्या ढिम्म. "आजी, मी कळव्याहून उभ्यानं आलेय, तोंड उघडा." मग त्या डाव्या डोळ्यानं हसायच्या आणि तोंड उघडायच्या. मला त्या आवडायच्या. माझ्या आईचं मला काही करता आलं नव्हतं, ती झटक्यात गेली होती. ते सगळं करायचं राहिलेलं मी आजींवर करून घेतलं, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे.

समोरची संध्याकाळी घरी आली की आधी आमच्याकडे यायची. चहा इथेच. "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," असं रोज म्हणायची, आणि रोज खरं वाटायचं. पप्पांना ती पप्पाच म्हणायची. मला बहीण नव्हती. आता आहे, असं मी शाळेत सांगायचे.

आजी गेल्या त्या भर मे महिन्यात. सकाळी सकाळीच गेल्या. पाळकसाहेब आले, पंचकमिटीतले दोघं आले आणि खरी अडचण समोर आली. कबरस्तान भरलेलं होतं. आमच्याकडे नवी जागा कुणालाच मिळत नव्हती. ज्यांची जुनी कबर आहे त्यांचीच काही वर्षांनी उघडतात, आधीच्या माणसाची हाडं पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवतात आणि नवी पेटी वर उतरवतात. एकेका कबरीत अशा दोन-दोन पिढ्या आहेत. ज्यांची जुनी कबर नाही त्यांनी आपलं माणूस गावाला न्यायचं. जालना म्हणजे केवढं लांब, आणि ऊन हे असं. समोरची जमिनीवर बसलेली होती, आईच्या खाटेला डोकं लावून. म्हणाली, "आईला कुठे ठेवू गं ताई?"

मी म्हणाले, "आमच्या आईजवळ ठेव."

पप्पा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. ठेवा. तिला सोबत होईल." थोड्या वेळानं त्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पण पुढची पाळी माझी. मला माझ्या बायकोजवळ जायचंय." तिच्या नवऱ्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "पप्पा, हे काय सांगायला हवं?" त्या वेळी मला ते उत्तर पुरेसं वाटलं. पाळकसाहेबांनी तिथेच प्रार्थना केली.

घरी आल्यावर पप्पांनी चहा मागितला. बशीत ओतून फुंकर मारता मारता म्हणाले, "आता काही वर्षं ती कबर उघडणार नाही. तोवर मला मरायला बंदी, एवढं लक्षात ठेव." आणि स्वतःच्याच बोलण्याला खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी माझाच उपदेश करून टाकला. विषय निःस्वार्थ प्रीती. काही परत मिळावं म्हणून जी केली जाते ती प्रीती नव्हे, तो व्यवहार, असं ते म्हणाले. मग सगळ्यांच्या देखत माझ्याकडे हात करून, आपल्या या बहिणीनं स्वतःच्या आईच्या कबरीत परक्या माणसाला जागा दिली, वगैरे. माना वळल्या. मला आवडलं. उगाच खोटं कशाला सांगू.

त्या वर्षांत पप्पा जिवाला असे जपले की विचारू नका. सकाळी रुळांलगतच्या समांतर रस्त्याला चालून यायचे, तळलेलं सोडलं, खोकल्याचं औषध स्वतः मागून घ्यायचे. कुणी तब्येतीचं विचारलं तर म्हणायचे, "नंबर लावलाय, थांबलोय." दरवर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघं कबरस्तानात जायचो. तो आमचा रिवाज. ईस्टरच्या पहाटे तिथे उपासना असते, त्याआधी प्रत्येक जण आपापली कबर चुन्यानं रंगवतो, फुलं ठेवतो. आईच्या उशाशी सिमेंटचा क्रूस होता, त्यावर तिचं नाव. पप्पांनी कारखान्यातल्या दोस्तांना घेऊन स्वतः ओतलेला. एक हात दुसऱ्यापेक्षा जरा आखूड. आई असती तर यावरून त्यांना वर्षभर ऐकवलं असतं, असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे.

एका वर्षी पप्पांना न्यूमोनिया झाला आणि जाणं जमलं नाही. समोरची म्हणाली, "यंदा तुम्ही नका येऊ. कबरीचं मी बघते ना." मला भरून आलं. आपण कधी काळी केलेलं चांगुलपण असं फिरून येतं, असं वाटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही गेलो. रिक्षानं पत्री पुलावरून, माझ्या मांडीवर चुन्याचा डबा, पप्पांच्या हातात कुंचा आणि झेंडूची पुडी. फाटकातून आत गेल्यावर पप्पा पुढे चालत होते. त्यांना वाट पाठ होती. ते एका जागी थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओळ चुकली वाटतं." पुढच्या ओळीत गेले. परत आले. पुन्हा मोजत गेले. मी मात्र जागेवरच उभी होते, कारण मी पाटी वाचली होती.

काळा ग्रॅनाइट. चारी बाजूंनी कठडा, उशाशी उंच पाटी. पाटीवर सोनेरी अक्षरांत आजींचं नाव, खाली जावयाचं आडनाव टाकून 'परिवार'. पाटीचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवलेला. कोरा कशासाठी ते लहान पोरालाही कळलं असतं. आईचं नाव कुठेच नव्हतं. दगड इतका घोटलेला होता की त्यात आम्ही दोघं दिसत होतो, मी डब्यासकट.

आईचा क्रूस मला नळापाशी सापडला. भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्या आडव्या हातावर कुणीतरी ओला फडका वाळत टाकलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पप्पांनी मात्र तो फडका काढला, घडी करून नळावर ठेवला, खाली उकिडवे बसले आणि क्रूसाला चुना द्यायला लागले. सावकाश, कडेकडेनं, दरवर्षी द्यायचे तसा. आखूड हातापाशी आले तेव्हा नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत.

क्रूस आम्ही घरी आणला. रिक्षावाला आधी तयार नव्हता. गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीमागे उभा केला.

त्या संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणाली, "अगं, मी सांगणारच होते तुला."

"कधी?"

"ताई, आधी आत तर ये."

मी आत गेले नाही. उंबऱ्यावरूनच विचारलं, पप्पांचं काय. तेव्हा तिनं मला नियम सांगितला. कबरीत शेवटचं माणूस ज्यांचं, कबर त्यांची. कमिटीचा जुना नियम आहे, आम्हालाही मागाहूनच कळलं, ह्यांना कमिटीत घेतल्यावर. बरं मग, मी म्हटलं, तुमची तर तुमची. पण तुम्ही हो म्हटलंत की ती पप्पांसाठी उघडेल, एवढंच ना? तुझा एक शब्द लागेल फक्त.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "एवढं काम केलंय ताई, ते फोडायचं का? आणि मग आमचं काय? तुमचं सगळं इथलं आहे. आमचं कोण आहे इथे? आम्हाला पण जागा लागेलच ना कधीतरी."

"ती जागा पप्पांची आहे. त्यांनी तुमच्या तोंडावर सांगितलेलं."

"पण तू दिलीस ना," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी मायेनं, माझा दंड धरून. "एवढं मोठं मन करून दिलीस. सगळ्या मंडळीला माहितेय. मग आता परत कशाला मागतेस, ताई?"

सगळ्या आयुष्यात मला जे चांगलं म्हणून शिकवलं गेलं, तेच तिनं उचललं आणि माझ्या तोंडावर धरलं. मी घरी आले आणि भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीसुद्धा.

मग पाळकसाहेबांकडे गेले. ते माणूस वाईट नाहीत, फक्त भांडण दिसलं की त्यांना घाम फुटतो. शरीर म्हणजे काय, माती, आपण आत्म्याकडे बघावं, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, पाळकसाहेब, तुमच्या वडिलांना उद्या नळापाशी टेकवून ठेवलं तर तुम्ही कुणाकडे बघाल? ते चष्मा पुसायला लागले. नियम कडक आहे खरा, म्हणाले, पण त्यात त्या दोघांना दोष देऊ नका, त्यांनी काही लपवलेलं नाही. "दफन झालं त्याच आठवड्यात तुमचे शेजारी आले होते माझ्याकडे, नियम नीट विचारून गेले."

त्याच आठवड्यात. म्हणजे इकडे पाळकसाहेब माझ्यावर उपदेश तयार करत होते तेव्हा तिचा नवरा त्यांच्याकडे जाऊन आला होता. त्यानंतरची सगळी वर्षं ती माझ्याकडे रोज चहा पीत होती. नंबर लावलाय, थांबलोय, हे पप्पांचं वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल आणि हसली असेल. मला माणूस फसवतं याचं एवढं नाही वाटलं. बहीण म्हणून फसवलं, चहा पिता पिता फसवलं, याचं वाटलं. मी जिन्यातच बसून रडले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी पाणी घेऊन आल्या.

मंडळीत गोष्ट पसरली. बायका मला बाजूला घेऊन सांगायच्या, सोडून दे, क्षमा कर, तू तर प्रीती करणारी. तिला मात्र कुणी बाजूला घेतलं नाही. तेव्हापासून मी पहिल्या रविवारी बसून राहायला लागले.

पप्पा माझ्यासारखे वागले नाहीत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते तिच्या घराला आशीर्वाद मागायचे, आणि मी डोळे उघडे ठेवून डाळीकडे बघत बसायचे. एकदा मी ताट सरकवलं. "तुम्ही तिच्यासाठी कसली प्रार्थना करता? तुमची जागा खाल्ली तिनं." पप्पा म्हणाले, "म्हणूनच करतो. नाहीतर मला जेवण जायचं नाही." म्हणजे त्यांनाही लागलं होतं. तेवढं कळून मला जरा बरं वाटलं.

त्या नाताळात ती करंज्यांचं ताट घेऊन आली. मी दार उघडून स्वयंपाकघरात निघून गेले. पप्पांनी तिला बसवलं, विचारपूस केली आणि मग ज्या आवाजात मी त्यांना कधी काही मागताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात विचारलं, "बाळ, मला तिच्याजवळ ठेवशील ना?"

मी हातातलं झाकण तसंच धरून उभी राहिले.

"हो पप्पा," ती म्हणाली. "बघू ना. तुम्ही कशाला आत्ता तसलं बोलता?" मग तिनं ताटावरचा रुमाल सारखा केला आणि गेली. पप्पा आत येऊन म्हणाले, "हो म्हणाली." मी बघू ऐकलं होतं. त्यांनी हो ऐकलं.

फेब्रुवारी सरता सरता ते गेले. चालायला जाणं त्यांनी आधीच सोडलं होतं, औषधही मी आठवण केली तरच घ्यायचे. कुणी विचारलं तर आता थांबलोय म्हणत नसत. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. समोरची माझ्याआधी ओरडून रडली, शेजारणींनी तिलाच आधी सावरलं. तिचं रडणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. सगळा मजला जमलेला होता, पाळकसाहेब होते. मी म्हटलं, "तू हो म्हणालीस."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मऊ आवाजात म्हणाला, "ताई, आता ग्रॅनाइट उघडायला कारागीर लगेच कुठून मिळणार? पण आपण सोय केलीय. भिंतीकडची वॉचमनची पत्र्याची खोली पाडलीय ना, तिथे चार नव्या जागा निघाल्यात. पहिली पप्पांना. मी कमिटीशी बोललोय." आणि ती डोळे पुसत म्हणाली, "देवानं वेळेवर दार उघडलं बघ, ताई."

पप्पांना भिंतीकडे ठेवलं. पलीकडे नाला आहे. आईपासून आठ-दहा ओळी दूर. कबरीपाशी भजन तिनंच धरलं, आणि दुसरं कडवं पप्पांनी शिकवलेलं होतं तसं बिनचूक म्हटलं. माती टाकायची वेळ आली तेव्हा मी मूठभर पप्पांच्या पेटीवर टाकली आणि मूठभर पदरात बांधून घेतली. ती माती निघताना आईकडच्या ग्रॅनाइटवर नेऊन टाकली. काळ्या दगडावर ती फार मळकट दिसत होती. ती कुणी पुसली ते मी बघायला थांबले नाही.

नंतर गॅलरीतला क्रूस मी रिक्षात घालून नेला आणि पप्पांच्या उशाशी रोवला. आता पप्पांच्या कबरीवर आईचं नाव आहे आणि आईच्या कबरीवर आजींचं. नवं माणूस वाचेल तर त्याला वाटेल भिंतीकडे माझी आई झोपलीय. पप्पांचं नाव मला आखूड हाताखाली घालायचंय, पण अजून घातलेलं नाही.

पावसाळ्यानंतर आमच्या भागात चिकनगुनियाची साथ आली. तो माणसाला मारत नाही, मोडून ठेवतो. समोर आधी तो पडला, मग ती. ताप उतरला तरी सांधे धरलेले. दुपारी त्यांच्या दारात खानावळीच्या डब्याची पिशवी तशीच लटकलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या झाल्या. शेजारणींची मुलं-बाळं, त्यांना साथीची भीती, त्यांचं चुकलं असं नाही. मी पिशव्यांकडे बघून कुलूप उघडलं, घरात गेले, पंखा लावला, बसले. मला जायचं नव्हतं. हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या कुणीतरी यावरही उपदेश करेल. माझ्या मनात प्रीती-बीती काही उसळून आलं नाही. पप्पांची खुर्ची समोर होती आणि ती रिकामी होती, आणि तिच्यापलीकडे मला समोरचं दार दिसत होतं. मी शिव्या देतच कुकर लावला.

चावी अजून माझ्याकडेच होती. परत द्यायचं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, की धाडस झालं नव्हतं.

ती आजींच्याच खाटेवर पडली होती. बोटं सुजून पडवळासारखी झालेली, वाटी धरता येत नव्हती. तो आतल्या खोलीत कण्हत होता, त्याला ताट नेऊन दिलं, त्याच्याशी बोलले नाही. मग हिच्यापाशी स्टूल ओढून बसले. मऊ भात, वर तूप, मेतकूट. मला बघून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात उठेना. मी पुसलं. आजींचे पुसायचे तसे, जरा खसाखसा.

दोन-तीन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "येत्या रविवारी पहिला रविवार आहे, ताई."

"माहितेय."

"सगळे बघतात गं. तू उठत नाहीस ते. मला पुढे जाऊन गुडघे टेकताना पाठीत तुझे डोळे टोचतात." ती दम खात थांबली. "आज तू आलीस. एवढं मऊ करून आणलंस. म्हणजे माफ केलंस ना मला?"

मी घास कालवला. तिच्या डोक्यामागे भिंतीवर आजींचा फोटो होता, त्याखाली नाताळचा जुना कागदी तारा. खरं तर त्या वेळी हो म्हणणं सोपं होतं. आम्ही दोघी रडलो असतो, रविवारी मी उठले असते, बाकावरच्या बायकांना वळसा पडला नसता. पाळकसाहेबांना तर केवढं हलकं वाटलं असतं. पप्पा असते तर कदाचित त्यांनी हो म्हटलंही असतं. पण पप्पा भिंतीकडे आहेत.

"नाही," मी म्हणाले.

तिनं तोंड मिटून घेतलं, घट्ट, थेट आपल्या आईसारखं. भात हातात निवायला लागला. मी वाट बघितली आणि मग घास तिच्या ओठांपाशी नेला.

"तोंड उघड," मी म्हणाले. "उद्या पण यायचंय मला."